पुण्यात काढलेले फोटो ऑनलाइन विकायचे, तर सुरुवात अशी करा

कॅमेरा घेतला, सिंहगडावरचा सूर्योदय आणि शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा काढून झाला, घरच्यांनी ‘हे विकले जातील बरं का’ म्हटलं, की बहुतेक जण थेट एखाद्या साइटवर खातं उघडतात आणि हाताशी असलेले दहा-वीस फोटो चढवून वाट बघतात. ते फोटो सहसा पडून राहतात. फोटो वाईट असतात असं नाही. तसे हजारो फोटो तिथे आधीपासून असतात, आणि सूर्योदय विकत घ्यायची गरज फार थोड्या लोकांना पडते.

म्हणून कॅमेऱ्याच्या आधी गिऱ्हाईक डोळ्यांसमोर आणा. स्टॉक साइटवर, म्हणजे तयार फोटो वापरायचा परवाना विकणाऱ्या साइटवर, फोटो शोधणारा माणूस घाईत असतो. कुणी बँकेचं माहितीपत्रक करत असतो, कुणी मधुमेहावरच्या लेखासाठी चित्र शोधत असतो, कुणी शाळेच्या पुस्तकाचं पान जुळवत असतो. त्याला हवा असतो त्याच्या कामात बसणारा फोटो, ज्यावर दोन ओळी छापायला जागा आहे आणि जो वापरल्यावर कायद्याची नोटीस येणार नाही. प्रत्येक फोटोच्या वेळी स्वतःला दोनच प्रश्न विचारा: हा नेमका कोण वापरेल? आणि यात दिसणाऱ्या माणसाची लेखी संमती माझ्याकडे आहे का? पुढचं सगळं या दोन प्रश्नांवर उभं आहे.

काय काढायचं

प्रदर्शनात बक्षीस मिळवणारा फोटो आणि विकला जाणारा फोटो यांची जात वेगळी. बालगंधर्वच्या कलादालनात ज्या धूसर, गूढ, काळोख्या फ्रेमपुढे लोक थांबतात, ती माहितीपत्रकात छापता येत नाही. दोन्ही कामं मोलाची आहेत, पण एकाची अपेक्षा दुसऱ्याकडून करू नका.

आपल्याकडचं साधं, आजचं जगणं जागतिक साइटवर फार कमी आहे, आणि जे आहे त्यातलं बरंचसं नकली वाटतं: परदेशी स्वयंपाकघरात बसलेलं, एकसारखे कपडे घातलेलं ‘भारतीय कुटुंब’. पुण्यात राहणाऱ्याचा फायदा इथेच आहे. भाजीच्या गाडीवर क्यूआर कोड स्कॅन करणारी बाई. नातवाशी व्हिडिओ कॉलवर बोलणारी नऊवारीतली आजी. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करणारा मुलगा, समोर पुस्तकांची चवड आणि चहाचा कप. डोक्याला स्कार्फ गुंडाळून दुचाकीला किक मारणारी मुलगी. हे दृश्य दुसऱ्या शहरातला फोटोग्राफर सहज काढू शकणार नाही. मधुमेहाची तपासणी घरी करणारे आजोबा, सोसायटीच्या गच्चीवर सोलर पॅनेल पुसणारा माणूस, ओला-सुका कचरा वेगळा करणारे हात. यातल्या प्रत्येक फोटोला गिऱ्हाईक कोण, ते लगेच सांगता येतं.

शहराबाहेर एक-दोन तासांवर आणखी खजिना आहे. मुळशी-भोरकडे आषाढात भातलावणी, पुरंदरला अंजिराच्या बागा, हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या पाण्यावर उतरलेले रोहित (फ्लेमिंगो). पक्ष्यांचे फोटो मात्र जगभर चांगले चांगले लोक काढतात, तिथे स्पर्धा अटीतटीची आहे. लावणीच्या शेतात चिखलात रुतलेले पाय आणि हातातली रोपांची जुडी यांना मला वाटतं जास्त मागणी राहील, कारण शेती, पाऊस, हवामानबदल, ग्रामीण कर्ज अशा कितीतरी विषयांना तो एक फोटो चालतो. कसब्यातल्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्याला मठार (हातोडीचे ठोके) देणारे कारागीर हाही असाच विषय. तिथे जाऊन आधी बसा, काम बघा, बोला, कॅमेरा नंतर काढा.

सणांचं गणित एक वर्ष पुढचं असतं. गुढीपाडव्याचा फोटो पाडव्याच्या दिवशी चढवला तर डिझायनरचं काम संपलेलं असतं. त्याची शोधाशोध दोन-तीन महिने आधी सुरू होते. तेव्हा यंदा काढायचा तो पुढच्या वर्षासाठी. एकाच गुढीचे आडवे फोटो घ्या, उभे घ्या, एका बाजूला आकाश मोकळं ठेवून घ्या. मजकुरासाठी ती मोकळी जागा सोडणं ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

सामान साधं चालतं. शटरस्टॉक आणि अ‍ॅडोबी स्टॉक या दोन्ही मोठ्या स्टॉक साइटची किमान चार मेगापिक्सेलची अट आहे. बऱ्या फोनचा, भरपूर उजेडात काढलेला फोटोही त्यात बसतो. घरात खिडकीजवळ टेबल, दुसऱ्या बाजूने उजेड परतवायला अप्पा बळवंत चौकातून आणलेली मोठी पांढरी कार्डशीट, एवढ्यावर पुरणपोळीपासून औषधाच्या गोळ्यांपर्यंत सगळं काढता येतं. लेन्सचा विचार पहिली कमाई हातात आल्यावर.

संमती आणि कायदा

हा भाग कंटाळवाणा वाटतो म्हणून लोक टाळतात, आणि नेमके इथेच अडकतात. त्यामुळे सावकाश वाचा.

स्टॉक साइटवर फोटो दोन प्रकारांत जातात. कमर्शियल म्हणजे जाहिरात, माहितीपत्रक, वेष्टन, कुठेही वापरता येणारा. एडिटोरियल म्हणजे बातमी, लेख, पाठ्यपुस्तक अशा माहितीपर वापरापुरता. कमर्शियल फोटोत ओळखू येणारा प्रत्येक माणूस संमतीपत्रावर सही केलेला लागतो. याला मॉडेल रिलीज म्हणतात. ओळखू येणारा म्हणजे फक्त चेहरा नव्हे. पाठमोरी व्यक्तीही गोंदण, कपडे, जागा यांवरून स्वतःला ओळखू शकत असेल तर ती त्यात आली. स्कार्फवाल्या मुलीचीही सही घ्या.

संमतीपत्राचा नमुना प्रत्येक साइट फुकट देते. तो बहुधा इंग्रजीत असतो. समोरची व्यक्ती इंग्रजी वाचणारी नसेल तर सहीआधी मराठीत नीट सांगा: ‘हा फोटो मी विकणार आहे. तो कुठल्याही देशात, कुठल्याही जाहिरातीत येऊ शकतो. नंतर मला तो परत घेता येईलच असं नाही.’ हे ऐकून कुणी नको म्हणालं तर तो विषय तिथेच संपवा. भाजीवाल्या मावशींना पाच किलो भाजीचे पैसे देऊन, काय चाललंय ते न सांगता सही घेणं अन्याय आहे, मग कागद कितीही पक्का असो. मुलं असतील तर पालकाची सही लागते. गर्दीतल्या अनोळखी लहान मुलांचे फोटो विक्रीला लावूच नका.

सुरुवात घरापासून करा. आई, काका, मैत्रीण, शेजारचे आजोबा. संमती मिळते, वेळ मिळतो, आणि फोटोतला जिव्हाळा खरा असतो.

गणपती विसर्जनाची लक्ष्मी रोडवरची मिरवणूक, ढोल-ताशा पथकं, ज्येष्ठात आळंदी-देहूहून पुण्यात येणाऱ्या पालख्या: इथे हजारो चेहरे, कुणाकुणाची सही घेणार? हे फोटो एडिटोरियल म्हणूनच द्यायचे. त्यांना ठरावीक पद्धतीची माहितीची ओळ (कॅप्शन) लागते: शहर, देश, तारीख आणि काय घडतंय याचं सरळ वर्णन. त्यात रंगउजेडाची माफक दुरुस्ती चालते, पण नको असलेला माणूस किंवा विजेची तार पुसून टाकणं चालत नाही. अ‍ॅडोबी स्टॉकचा एडिटोरियल प्रकार मर्यादित आहे. ओळखू येणाऱ्या माणसांचे फोटो ते त्यात घेत नाहीत. असे फोटो शटरस्टॉक किंवा अलामी या साइटकडे पाठवा.

वास्तू आणि वस्तूंचं काय? कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ प्रमाणे इमारतीचा, तसंच सार्वजनिक जागी कायम असलेल्या शिल्पाचा फोटो काढून प्रसिद्ध करणं हा भंग ठरत नाही. पण ही सवलत भिंतीवरच्या चित्राला नाही. पेठेतल्या भिंतीवर रंगवलेलं सुंदर म्युरल ही त्या चित्रकाराची निर्मिती आहे. आणि कायदा मुभा देतो तिथेही साइट स्वतःचा कडक नियम लावू शकते, ब्रँडच्या लोगोबाबत तर हमखास. बुटावरचं चिन्ह, बिस्किटाचा पुडा, मागची दुकानाची पाटी, फोनच्या पाठीवरचं चित्र, सगळं कमर्शियल फोटोतून काढायला लागतं.

शनिवारवाडा, आगाखान पॅलेस, पाताळेश्वर, कार्ले-भाजे ही केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातली ठिकाणं. २०१८ पासून या खात्याच्या बहुतेक स्मारकांत साधे फोटो काढायला आडकाठी नाही, पण ट्रायपॉड लावायचा असेल तर परवानगी घ्यावी लागते. पुण्यात लष्कराची हद्द तर पावलोपावली आहे: कॅम्प, खडकीचा भाग, खडकवासल्याची एनडीए. ‘छायाचित्रणास मनाई’ची पाटी दिसली की कॅमेरा बॅगेत. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा तळ आहे, तिथे धावपट्टीकडे लेन्स वळवू नका. ड्रोन असेल तर २०२१ चे ड्रोन नियम वाचा आणि उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी साइटच्या नकाशावर ती जागा कुठल्या रंगात येते ते दर वेळी बघा.

लग्नाची कामं करणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. कलम १७ प्रमाणे, कुणी पैसे देऊन तुमच्याकडून फोटो काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोंचा कॉपीराइट काम देणाऱ्याचा असतो. नोकरीत मालकासाठी काढलेल्या फोटोंचंही तसंच. म्हणजे मंगल कार्यालयात काढलेला वधूच्या मेंदीभरल्या हातांचा तो देखणा फोटो तुमचा नाही. विकायचा असेल तर कामाच्या करारातच तसं लिहून घ्या, आणि वधूचं संमतीपत्र वेगळं.

फोटो तयार करणं

रॉमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल) काढा, जेपेगमध्ये पाठवा, रंगांसाठी एसआरजीबी ही सेटिंग निवडा. फोटो सुधारायच्या लाइटरूम सॉफ्टवेअरचे पैसे भरायचे नसतील तर डार्कटेबल आणि रॉथेरपी हे दोन्ही मोफत आहेत आणि या कामाला पुरून उरतात.

चढवण्याआधी प्रत्येक फोटो शंभर टक्के मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघा. तपासणाराही तेच बघतो. डोळ्यांवर फोकस आहे का, सावलीत रंगीत दाणे आलेत का, आकाशात सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके आहेत का, फांद्यांच्या कडेला जांभळी रेघ आहे का. सोशल मीडियाला आवडतो तसा भडक रंग आणि करकरीत शार्पनिंग इथे नको. गिऱ्हाइकाला आपल्या मनासारखा रंग नंतर देता आला पाहिजे. फोटोवर तुमचं नाव किंवा तारीखही नको.

एकाच दृश्याचे तीस फोटो पाठवले तर एकसारखे म्हणून परत येतात. तिसातले चार निवडा, एकमेकांपासून खरोखर वेगळे. ही निवड शिकायला वेळ लागतो, आणि माझ्या मते फोटोग्राफर घडतो तो इथेच.

खातं, पॅन आणि कराचा फॉर्म

नवख्या माणसाने अ‍ॅडोबी स्टॉक आणि शटरस्टॉक यांपासून सुरुवात करावी, एडिटोरियल जास्त असेल तर अलामीही घ्यावी. खातं उघडायला यांपैकी कुणीही पैसे घेत नाही. ‘आधी नोंदणी फी भरा’ म्हणणाऱ्या साइटपासून लांब राहा. इन्स्टाग्रामवर ‘तुमचे फोटो एनएफटी म्हणून लाखात घेतो, फक्त आधी थोडी फी भरा’ असा मेसेज आला तर तो सरळ ब्लॉक करा. गिऱ्हाईक विकणाऱ्याकडून पैसे मागत नाही.

एक्सक्लुझिव्ह करार सुरुवातीला करू नका. तसा करार नसेल तर एकच फोटो अनेक साइटवर ठेवता येतो.

यांपैकी अमेरिकन कंपन्या डब्ल्यू-८ बेन नावाचा अमेरिकन कराचा फॉर्म भरून घेतात. नाव ऐकून घाबरायचं कारण नाही, साइटवरच पाच-दहा मिनिटांत भरून होतो. नाव पॅनवर आहे तसंच लिहा, पत्ता इथला, परदेशी कर क्रमांकाच्या रकान्यात पॅन, आणि भारत-अमेरिका करारातलं रॉयल्टीचं कलम १२ निवडा. तो भरला नाही तर अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांच्या विक्रीवर ३० टक्के कापले जातात, भरला तर १५. सही केल्यापासून पुढची तीन कॅलेंडर वर्षं संपेपर्यंत फॉर्म चालतो, मग पुन्हा भरायचा.

पैसे पेपाल किंवा पेओनिअरमार्फत येतात. पेपालने एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतातले व्यवहार बंद केले असले तरी परदेशातून येणारे पैसे घेता येतात. ही रक्कम आयकर विवरणपत्रात दाखवायची असते. अमेरिकेत कापलेला कर इथल्या करातून वळता करून घेता येतो, त्यासाठी तुमच्या सीएला वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवा.

शीर्षक आणि कीवर्ड

फोटो कितीही चांगला असला तरी शोधात आला नाही तर तो नसल्यासारखा. शीर्षक साधं वाक्य असावं: कोण, काय करतंय, कुठे. अ‍ॅडोबीवर ४९ पर्यंत कीवर्ड (फोटो शोधायला वापरले जाणारे शब्द) देता येतात आणि पहिल्या दहांना सर्वाधिक वजन असतं, म्हणून सर्वांत नेमके शब्द आधी. शटरस्टॉकला किमान ७, कमाल ५० लागतात.

आजीच्या व्हिडिओ कॉलचा फोटो घ्या. आधी जे दिसतं ते: ज्येष्ठ महिला, भारतीय, साडी, स्मार्टफोन, व्हिडिओ कॉल, घर, सोफा. मग जे जाणवतं ते: आनंद, आपुलकी, जोडलेपण. मग ज्या कामाला लागेल ते: ज्येष्ठांसाठी तंत्रज्ञान, टेलिमेडिसिन, इंटरनेट. हे शब्द इंग्रजीत द्यायचे, पण आपल्या वस्तूंची नावं आपलीच ठेवा. पुरणपोळीला नुसतं ‘गोड पोळी’ करून टाकू नका. गुढी, पुरणपोळी, ढोल यांची रोमन लिपीतली दोन-तीन प्रचलित स्पेलिंगं असतात, ती सगळी घाला. फोटोत नसलेला शब्द मात्र घालू नका. पुण्याच्या फोटोला मुंबईचा कीवर्ड जोडला की गिऱ्हाईक चिडतं आणि फोटो शोधात मागे पडतो.

एआयने बनवलेली चित्रं अ‍ॅडोबी स्टॉक तशी खूण केली तरच घेतं. शटरस्टॉक आणि गेटी इमेजेस या साइट फोटोग्राफरांकडून ती घेतच नाहीत. मला यात नवख्यांसाठी आशा दिसते. हसरा ऑफिसवाला माणूस आता कुणीही यंत्राकडून बनवून घेईल. तांबट आळीतला हातोडा, मार्केट यार्डात पहाटे उतरणारा झेंडू, त्या माणसाच्या सहीसह, हे तिथे गेल्याशिवाय मिळत नाही.

पैसे किती

सुरुवातीला थोडे. अ‍ॅडोबी फोटोच्या विक्रीवर ३३ टक्के रॉयल्टी देतं. सबस्क्रिप्शनवरच्या एका डाउनलोडला अनेकदा ३३ सेंटच्या आसपास मिळतात. किमान २५ डॉलर जमले की पैसे काढता येतात, म्हणजे तेवढ्या दराने पंचाहत्तरेक डाउनलोड. शटरस्टॉकची जून २०२० पासूनची पद्धत १५ ते ४० टक्क्यांच्या पायऱ्यांची आहे, किमान दर डाउनलोडला दहा सेंट, आणि दर १ जानेवारीला सगळे पुन्हा पहिल्या पायरीवर येतात. ही विभागणी फोटोग्राफरवर अन्याय करणारी आहे असं मला वाटतं, आणि आत शिरण्याआधी ती माहीत असलेली बरी. नोकरी सोडून यात उतरू नका. महिन्याला वीस-तीस नीट निवडलेले फोटो, दोन वर्षं, एवढी मजल मारली की कुठला विषय चालतो ते तुमच्याच खात्यातल्या आकड्यांवरून दिसू लागतं. मग तोच विषय खोदत जा.

काही फोटो नाकारले जाणारच. कारण वाचा, फोकस किंवा दाण्यांचं असेल तर तो फोटो सोडून द्या, लोगो किंवा संमतीपत्राचं असेल तर दुरुस्त करून परत पाठवा.

साइटच्या बाहेर

पुण्यातल्या माणसाकडे आणखी एक बाजारपेठ आहे: इथले प्रकाशक आणि दिवाळी अंक. मुखपृष्ठ आणि आतल्या लेखांसाठी त्यांना मराठी मातीतले फोटो लागतात आणि एका फोटोचा मोबदला साइटवरच्या कित्येक डाउनलोडइतका असू शकतो. जून-जुलैत विचारा, गणपतीनंतर फार उशीर होतो. आठ-दहा फोटोंच्या लहान प्रती पाठवा, मूळ फाइल पैसे ठरल्यावर.

ठरवताना तुम्ही फोटो वापरायचा परवाना देताय, कॉपीराइट देत नाही, हे मेलवर स्पष्ट लिहा: कुठल्या अंकासाठी, किती काळ, छापील की ऑनलाइनही, नाव कुठे छापणार. कॉपीराइट किंवा परवाना लिहून देताना मुदत घातली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि हद्द लिहिली नसेल तर भारत. पाच वर्षं फार होतात, म्हणून दिवाळी अंकासाठी ‘फक्त या वर्षीच्या अंकात एकदा’ असं घालून घ्या. आणि तो फोटो त्याआधी कुठे एक्सक्लुझिव्ह म्हणून दिलेला नाही ना, हे आपल्या यादीत बघूनच होकार कळवा.